जुना आरसा घेताना काय बघावं? (आणि मिळाला तर त्याची काच बदलू नका)

माजघर

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या नव्या घराचं काम संपत आलंय. दिवाणखान्यातल्या एका भिंतीवर जुना आरसा लावायचा आहे, साधारण तीन फूट बाय चार फूट. प्रश्न विचारण्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, म्हणजे मी एवढी चौकशी का करतेय ते कळेल.

आजोळी, राजापूरजवळच्या घरात, माजघराच्या भिंतीवर मोठा आरसा होता. सागवानी चौकट, वरच्या दोन कोपऱ्यांत कोरलेली पानं. खालून दोन खुंट्यांवर टेकवलेला, वरून साखळीने धरलेला आणि चांगला वीतभर पुढे झुकलेला. पाटावर बसून वेणी घालणाऱ्या बाईला बसल्या जागी पूर्ण दिसावं म्हणून तो तसा लावला होता, हे मला फार उशिरा कळलं. आजी मेणावर कुंकू रेखायची आणि बोटाला उरलेलं चौकटीच्या खालच्या पट्टीला पुसायची. वर्षानुवर्षं पुसून तिथे बोटभर लांबीचा तांबूस डाग बसला होता. हाताला जरासा चिकट लागायचा.

सहा वर्षांपूर्वी घर विकलं तेव्हा तो आरसा मी मागून घेतला. पारा बराच उडाला होता म्हणून फ्रेम करणाऱ्या एका दुकानात दिला. "ताई, काच बदलून देतो, चौकट पॉलिश करतो, नव्यासारखा होईल," असं तो म्हणाला आणि मी हो म्हटलं. आठ दिवसांनी आणायला गेले. खरोखरच नव्यासारखा झाला होता. जुनी काच कुठे आहे म्हणून विचारलं तर भंगारात गेली म्हणाला. कुंकवाचा डाग पॉलिश कागदाने घासून साफ केलेला. जुनी काच जाड होती, नवी पातळ, म्हणून मागे पुठ्ठे कोंबलेले. दार जोरात लागलं की आजही ती काच खुळखुळते.

आता जो आरसा घेईन तो आहे तसा ठेवायचा आहे. काच किती जुनी ते कसं ओळखायचं? फसवणूक कुठे होते? कुठे शोधायचा? आणि एवढं वजन भिंतीला पेलेल का?

---

चांदणी

वाचून कसंसं झालं. कुंकवाच्या डागाचं तर फारच. वाचनखूण साठवतेय, मलाही घ्यायचा आहे.

---

रंधा

माजघरताई, जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुमच्यासारखी गोष्ट महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. चौकट जपायची असते हे लोकांना माहीत असतं. काचही तितकीच जुनी आहे हे लक्षात येत नाही.

आधी एका गैरसमजाबद्दल. विक्रेता काचेवर खिळ्याचं टोक टेकवतो आणि म्हणतो, "बघा किती फट दिसते, शंभर वर्षांची काच." टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण परावर्तन काचेच्या मागच्या बाजूने होतं. ती फट फक्त काचेची जाडी सांगते. आजची आठ मिलिमीटरची काच घेतलीत तर तिथेही तेवढीच फट दिसेल. जुन्या मोठ्या आरशांच्या काचा बहुधा जाड असतात हे खरं, पण जाड म्हणून जुनी असं नाही.

मी स्वतः सगळ्यात आधी काचेतून तिरकं बघतो. समोर खिडकीचा गज किंवा दाराची उभी कड असेल असं उभं राहायचं आणि डोकं हळूहळू बाजूला न्यायचं. जुन्या काचेत ती सरळ रेष कुठेतरी हलकीशी वळते, पाण्यावर हलल्यासारखी. आज आपण वापरतो ती फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली. ती पद्धत इंग्लंडमध्ये पिल्किंग्टनने १९५९ साली जाहीर केली. त्याआधीची चांगली काच घासून, पॉलिश करून सपाट करत, आणि स्वस्तातली तर तशीही करत नसत. त्यामुळे रेष अजिबात वळली नाही तर मी लगेच काच बाद करत नाही, पण सावध होतो.

दुसरं, कडेचा उतार, ज्याला सगळे बेव्हल म्हणतात. डोळे मिटून बोट आतून बाहेर सरकवा. हाताने घासलेला जुना उतार रुंद आणि उथळ असतो, सपाट भाग कुठे संपला ते बोटाला पटकन कळत नाही. मशीनचा उतार सुरू होतो तिथे बोटाला स्पष्ट धार लागते. कोपऱ्यात दोन उतार जिथे मिळतात ती तिरकी रेषही बघा. हातकामात चारही कोपरे तंतोतंत सारखे येत नाहीत.

तिसरं, आणि याला कधीच नाही म्हणू देऊ नका: आरसा उलटा करून पाठ बघायची. मागच्या फळ्या जुन्या असतील तर लाकूड काळपट पडलेलं असतं, आणि जिथे चौकटीने झाकलं होतं तिथे फिकट पट्टा राहिलेला असतो. एकसारखा तपकिरी रंग दिसला तर तो चहाच्या पाण्याचा किंवा स्टेनचा असू शकतो. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. अर्थात स्क्रू मागाहून दुरुस्तीत बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवरून निकाल देऊ नका. प्लायवुड दिसलं तर पाठ बहुधा बदललेली आहे. मग काच का बदलली नसेल, असं विचारा.

आणि "बेल्जियम". आपल्याकडे कुठलाही जाड, उतार घासलेला आरसा बेल्जियमचाच असतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बेल्जियमहून जगभर काच जात होती, त्यामुळे खरा बेल्जियन आरसा मिळणं अशक्य नाही. पण पाठीमागे छाप किंवा चिठ्ठी नसेल तर तो शब्द म्हणजे फक्त भाव वाढवायचं साधन. त्या शब्दाचे पैसे देऊ नका, समोरच्या काचेचे द्या.

---

माजघर

रंधादादा, खूप आभार. बोट फिरवून बघायचं कधीच सुचलं नसतं. एक विचारते, मुद्दाम जुने केलेले आरसे कसे ओळखायचे? काचेच्या दुकानात हल्ली डाग पाडलेली काच सर्रास मिळते.

---

रंधा

डाग कुठून सुरू झालेत ते बघा. खऱ्या आरशात ओल कडेतून आत शिरते, विशेषतः खालून, कारण पाणी खाली उतरून चौकटीच्या खाचेत साठतं. म्हणून डाग कडेला दाट, आत विरळ. बनवलेल्या काचेत डाग सगळीकडे सारखे शिंपडलेले असतात. अशी काच वाईट असते असं नाही, नवी म्हणून विकली तर ठीकच आहे.

अजून एक. पर्समध्ये छोटा नवा आरसा घेऊन जा, आणि एक पांढरा रुमाल. रुमाल दोन्ही आरशांसमोर धरा. जुन्यात तो किंचित राखाडी किंवा पिवळसर दिसतो. शेजारी नवा धरल्याशिवाय हा फरक डोळ्यांना कळत नाही, डोळे पटकन सरावतात.

---

परीक्षानळी

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून "पारा उडाला" या शब्दांबद्दल. आपण सगळेच तसं म्हणतो, पण आपल्या घरांतल्या बहुतेक आरशांत पारा कधी नव्हताच.

पाऱ्याचे आरसे खरोखर होते. कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची, वजनं ठेवायची आणि जास्तीचा पारा निथळू द्यायचा. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली पूर्ण झालेल्या आरसेमहालातले ३५७ आरसे याच पद्धतीचे. हे काम करणाऱ्या कारागिरांच्या अंगात पारा भिनायचा. पुढे १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काचेवर शुद्ध चांदीचा थर बसवता येतो हे दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या आरशांनी हळूहळू पाऱ्याला मागे टाकलं.

ज्यांनी बारावीला विज्ञान घेतलं होतं त्यांनी हे स्वतः केलेलं आहे! अल्डिहाइड ओळखायची टॉलेन्सची परीक्षा आठवते? परीक्षानळी गरम पाण्यात धरायची आणि बघता बघता आतून आरसा चढायचा. तोच आपला आरसा. मुलांना प्रयोग दाखवताना मी दरवर्षी सांगते, घरी जाऊन कपाटाच्या आरशाकडे बघा, त्याच्या पाठीवर बहुधा हेच आहे.

घेताना याचा उपयोग असा. चांदीचा आरसा बिघडतो तेव्हा कडेने काळे, तपकिरी डाग येतात. पाऱ्याचा बिघडतो तेव्हा राखाडी, खडीसाखरेसारखे चमकणारे कण दिसतात आणि एकूण प्रतिबिंब थंड, निळसर असतं. असा आरसा कधी मिळालाच तर तीन गोष्टी पाळा. पाठ खरवडायची नाही. तापवायचा नाही. आणि जी बाजू आजवर खाली होती तीच खाली ठेवायची, कारण सुटलेला पारा खालच्या कडेला येऊन थांबलेला असतो. उलटा केलात तर तो परत सगळ्या काचेत फिरेल. लहान मुलांच्या निजायच्या खोलीत मी तो लावणार नाही, हवा खेळती असलेल्या मोठ्या खोलीत लावेन.

चांदीच्या जुन्या आरशांच्या पाठीवर तांबूस, शेंदरी रंग असतो, त्यात शिसं असू शकतं. पॉलिश कागद मारून धूळ उडवू नका.

---

पन्हाळी

थोडं वेगळं मत मांडते. मी सासरच्या ड्रेसिंग टेबलाची काच बदलली आणि मला पश्चात्ताप नाही. तीन पाखी आरसा आहे, रोज सकाळी साडी नेसताना लागतो. मधल्या पाखीत अर्धा चेहरा दिसतच नव्हता. शिवाय सासूबाईंच्या मनात होतं की तडा गेलेला आरसा घरात असू नये, आणि त्यांच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नव्हतं. वस्तू वापरात राहिली तरच टिकते असं मला वाटतं.

---

माजघर

पन्हाळीताई, तुमचं पटतं. रोज ज्यात बघायचं तो आरसा स्वच्छच हवा. मी म्हणतेय ते दिवाणखान्यातल्या, पॅसेजमधल्या आरशाबद्दल. तिथे आपण कुंकू लावत नाही, केस विंचरत नाही. तिथे तो खोलीत उजेड आणतो. डाग पडलेल्या काचेतून येणारा उजेड मऊ असतो, आणि तेवढ्यासाठीच मला तो हवाय. माझ्या बदललेल्या आरशात समोरची ट्यूबलाइट इतकी झगझगीत दिसते की त्या बाजूला तोंड करून बसवत नाही.

---

रंधा

काच बदलायचीच झाली तर जुनी परत मागून घ्या, एवढं तरी कराच. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मागे फळी देऊन, उभी ठेवायची. आडवी ठेवलीत तर स्वतःच्याच वजनाने तडकू शकते. वरती चिठ्ठी लावा की ही अमुक चौकटीची काच. पुढच्या पिढीला वाटलं तर परत बसवता येते. नवी काच बसवताना पुठ्ठे कोंबू नका, सुताराला खाचेत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी द्यायला सांगा. माजघरताई, तुमचा खुळखुळ आवाजही अर्ध्या तासात जाईल.

---

ओवरी

मडगावहून लिहितोय. आमच्याकडच्या जुन्या घरांत साल, म्हणजे पाहुण्यांची मोठी खोली, आरशांशिवाय पूर्णच व्हायची नाही. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या तावदानांचा उजेड, दुधाळ आणि मंद. त्यात झुंबराच्या मेणबत्त्या. समोरासमोर आरसे लावले की तेवढ्याच मेणबत्त्यांत खोली उजळायची. चांदोरचं ब्रागांझांचं घर बघायला याल तेव्हा नाचाच्या दालनात थोडा वेळ उभे राहा, मग आरसा सजावटीला होता की उजेडाला ते कळेल. देशावरच्या वाड्यांतही भिंतगिरीच्या, म्हणजे भिंतीवरच्या दिव्याच्या, मागे आरशाचा तुकडा बसवायचे ते त्याचसाठी.

पण दमट हवा हा आरशाचा वैरी. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल धरते, तिथे जुना आरसा लावूच नका. आतल्या भिंतीवर लावा आणि मागे बुचाचे दोन-चार तुकडे चिकटवा, म्हणजे बोटभर फट राहून हवा खेळेल. पुसताना पाणी किंवा फवारा थेट काचेवर मारायचा नाही. तो खाली ओघळतो, खाचेत शिरतो आणि वर्षभरात खालची कड काळी पडते. मऊ फडकं अगदी किंचित ओलं करायचं, मध्यापासून कडेकडे पुसायचं, कडेपाशी कोरडं फडकं.

सोनेरी चौकट असेल तर तिला ओलं फडकं लावूसुद्धा नका. आमच्या घरी हे झालंय. त्या चौकटी खडू आणि सरसाच्या लुकणावर सोन्याचा वर्ख लावून केलेल्या असतात. एका गणपतीला घर आवरताना आम्ही हौसेने फडकं भिजवून पुसली. फडक्यावर सोनं आलं आणि चौकटीवर खालची तांबडी माती उघडी पडली. माझ्या आईला अजून त्याची हळहळ आहे. आता मऊ कोरड्या कुंचल्याने फक्त धूळ झटकतो.

---

चांदणी

कुठे शोधायचा यावर कुणीच बोललं नाही :) मी मुंबईत चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर दोनदा जाऊन आले. शुक्रवारी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. आरसे दुकानात आतल्या बाजूला एकावर एक टेकवून ठेवलेले असतात, म्हणून पाठ बघायची तर आधी पाच आरसे बाजूला करायला लागतात. सकाळी जा, गर्दी नसली की दुकानदार शांतपणे दाखवतो. पुण्यातल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, मोठे आरसे फारसे दिसले नाहीत, पण दाढीचे, हातात धरायचे छोटे मिळाले.

---

रंधा

बरोबर. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारातही आहेत, पण तिथे जुन्या धर्तीवर नव्याने बनवलेला मालही भरपूर असतो. तो नवा म्हणून घ्यायला हरकत नाही. दक्षिणेकडे जाणार असाल तर तमिळनाडूतलं कारैकुडी. चेट्टियारांच्या मोठ्या हवेल्यांत बर्मा टीक आणि परदेशी आरसे भरलेले होते. हवेल्या मोडल्या तसं ते सामान तिथल्या बाजारात आलं.

पण माझं विचाराल तर आधी नात्यात, ओळखीत विचारा. आर्ट डेको काळातल्या, १९३०-४० च्या दशकातल्या इमारती पुनर्विकासाला जातात तेव्हा भिंतीवरचे गोल, अष्टकोनी, कधी पीच रंगाच्या काचेचे आरसे लोक मजुरांना देऊन टाकतात. शंभर वर्षं झालेली नसली तरी ती काच सुंदर असते, पाऱ्याची भीती नसते आणि फ्लॅटच्या आठ-नऊ फुटी छताला तिचं माप जुळतं. वाड्यातला सहा फुटी आरसा आजच्या हॉलमध्ये आणला की खोलीच लहान वाटायला लागते.

चौकट बघताना बारीक भोकं दिसली तर खाली पांढरा कागद ठेवून टिचकी मारा. ताजा भुसा पडला तर किडा आत जिवंत आहे. पॉलिशबद्दल: जुनं काम लाखेचं, ज्याला आम्ही स्पिरिट पॉलिश म्हणतो. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. मऊ होऊन चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. ते खरवडायची गरज नसते, त्यावरच हलका हात देता येतो. मेलामाइन, म्हणजे प्लास्टिकसारखा चढणारा हल्लीचा लेप, मारू देऊ नका.

---

दूरदेशी

न्यू जर्सीतून. माझ्याकडे प्रश्न छोटा आहे. पणजीची फणेरपेटी पुण्यात काकूकडे आहे. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, करंडा आणि मेणाच्या डबीचे कप्पे. आरशाला बरेच डाग आहेत. पुढच्या महिन्यात येतेय, ती बॅगेत घालून आणता येईल का?

---

रंधा

थांबा, आधी वय ठरवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे ती दाखवून तसं प्रमाणपत्र घेता येतं. ते हातात ठेवूनच विमानतळावर जा. पणजीची म्हणताय, म्हणजे शंभरी गाठलेली असू शकते. तसं निघालं तर काकूंकडेच राहू द्या.

---

ओळंबा

वजनाचं मी सांगतो, बांधकामातला आहे. काचेचा हिशोब सोपा: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. तुमचा तीन बाय चार फुटांचा आरसा म्हणजे साधारण १.११ चौरस मीटर. सहा मिलिमीटर काच धरली तर पावणेसतरा किलो नुसती काच. सागाची चौकट आणि मागच्या फळ्या मिळून पंचवीसच्या पुढे जाईल.

नवी इमारत म्हणजे भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या असणार, हलक्या आणि सच्छिद्र. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही, आज धरला तरी वर्षाने सैल होतो. शक्यतो आरशाची जागा काँक्रीटच्या कॉलमवर किंवा बीमखाली येईल अशी निवडा. ते जमत नसेल तर त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब अँकर किंवा केमिकल अँकर वापरा.

आणि सगळं वजन वरच्या हुकांवर टांगू नका. जुन्या घरात खालच्या दोन खुंट्यांवर वजन होतं आणि साखळीने फक्त तोल धरला होता, तीच पद्धत योग्य. खाली भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन लोखंडी ब्रॅकेटवर आरसा टेकवा, वर दोन साखळ्या. जुनी तार किंवा दोरी असेल तर ती नुसती आठवण म्हणून ठेवा, तिच्यावर भार टाकू नका.

---

माजघर

तीन आठवड्यांनी लिहितेय. आरसा मिळाला.

चोर बाजारात नाही मिळाला. तिथे एक फार आवडला होता, पण पाठीला प्लायवुड निघालं. शेवटी दादरला आईच्या मैत्रिणीच्या इमारतीत मिळाला, पुनर्विकासासाठी रिकामी होतेय ती. तीन बाय पावणेचार, शिसवी चौकट, कोरीव काम अजिबात नाही. मी रुमाल आणि छोटा आरसा घेऊन गेले होते. रुमाल जुन्यात मातकट पिवळा दिसला. दाराची चौकट मधोमध हलली, अगदी थोडी. उताराची कड बोटाला लागलीच नाही. मागच्या फळ्यांवर सुताराने शिसपेन्सिलीने १, २, ३ असे मराठी आकडे घातलेत आणि चौकटीवर त्यांच्या जोडीचे १, २, ३. दोन नंबरची फळी उलटी बसली आहे. ती मी तशीच ठेवली.

डाग खालच्या डाव्या कोपऱ्यात आहेत, काळसर तपकिरी, म्हणजे परीक्षानळीताईंनी सांगितल्याप्रमाणे चांदी. पॉलिश केलं नाही, कोरड्या फडक्याने पुसला फक्त. नमद्याची पट्टी आणून आजीच्या आरशाचा खुळखुळ आवाजही थांबवला. तो आता निजायच्या खोलीत आहे.

नवा जुना आरसा ओळंबादादांच्या सांगण्यावरून दोन ब्रॅकेटवर, बीमखाली साखळ्यांनी, पुढे झुकवून लावला. झुकलेला असल्यामुळे त्यात जमीन दिसते, आणि संध्याकाळी खिडकीतला उजेड फरशीवरून त्यात चढतो. काल आई आली. खाली सतरंजीवर बसली, पाय पसरले, वर बघितलं आणि स्वतःला पूर्ण दिसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, डावी साखळी बोटभर आखूड कर, वाकडा लागलाय.

सुतार उद्या परत येतोय. फोटो त्यानंतर टाकते.